जादूनगरीची म्युनिसिपालिटी

अँख-मॉर्पोर्क वाचकाला पहिल्यांदा दिसतं ते जळताना. १९८३ साली आलेल्या 'द कलर ऑफ मॅजिक' या कादंबरीच्या सुरुवातीलाच दोन लढवय्ये टेकडीवरून त्या आगीकडे बघत उभे असतात. आग शत्रूने लावलेली नसते आणि ड्रॅगनने तर नाहीच. तिच्या मुळाशी असतो टूफ्लॉवर नावाचा एक भाबडा पर्यटक. पेशाने तो विम्याच्या कचेरीतला कारकून. 'ब्रोकन ड्रम' या गुत्त्याच्या मालकाला तो आगीच्या विम्याची योजना समजावून सांगतो. थोडा हप्ता भरायचा आणि इमारत जळाली तर भरघोस रक्कम घ्यायची. मालक ते कान देऊन ऐकतो. पुढे काय होतं ते सांगायची गरज नाही. गुत्ता पेटतो आणि त्याच्याबरोबर शहरही.

अद्भुतरम्य कादंबऱ्यांतली राजधान्यांची शहरं अशी भेटत नाहीत. तिथे पांढरेशुभ्र बुरूज असतात, झेंडे फडकत असतात आणि वनवासातून परतणाऱ्या राजपुत्राची सगळे वाट बघत असतात. त्या शहरात धान्य कुठून येतं, मैला कोण उचलतं, रात्री गस्त घालणाऱ्याला पगार किती, असल्या चौकश्या तिथे कुणी करत नाही. इंग्लंडच्या टेरी प्रॅचेट यांनी नेमक्या त्याच चौकश्या केल्या. पुढची बत्तीस वर्षं, एकेचाळीस कादंबऱ्यांमधून ते उत्तरं शोधत राहिले. त्यातून उभं राहिलेलं अँख-मॉर्पोर्क हे माझ्या मते कल्पित वाङ्मयातलं सर्वांत नांदतं शहर आहे. प्रॅचेटनी त्याची पायाभरणी राजवाड्यापासून केली नाही. त्यांनी सुरुवात केली ती म्युनिसिपालिटीपासून.

कासवाच्या पाठीवर

हे शहर ज्या जगात आहे ते 'डिस्कवर्ल्ड' थाळीसारखं सपाट. चार हत्तींनी ते पाठीवर तोललंय आणि हत्ती उभे आहेत 'ग्रेट अ'टुइन' नावाच्या महाकाय कासवावर. ते कासव अवकाशात संथपणे पोहत असतं. देवळात शिरताना गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला हात लावून पुढे जाणाऱ्या मराठी वाचकाला यात परकं काही वाटू नये. कूर्मावतार आणि दिग्गज आपल्या परिचयाचेच. पृथ्वी हत्तींवर, हत्ती कासवावर, ही हिंदूंची कल्पना म्हणून युरोपीय लेखक शतकानुशतकं सांगत आले. प्रॅचेटनी ती उचलली आणि त्या पाठीवर एक शहर वसवलं. त्याच्या मधून वाहणारी अँख नदी इतकी दाट आहे की तिच्यावर पडलेल्या प्रेताभोवती पोलिसांना खडूने रेघ मारता येते.

जग इतकं अचाट आहे, म्हणून शहर खरंखुरं असणं भागच होतं. ते खरेपण प्रॅचेटकडे नोकरीतून आलं. जन्म १९४८ चा, बकिंगहॅमशायरमधला. १९६५ मध्ये सतराव्या वर्षी शाळा सोडून ते 'बक्स फ्री प्रेस' या स्थानिक वर्तमानपत्रात उमेदवार बातमीदार म्हणून लागले. पुढे १९७९ च्या सुमारास सरकारी वीज मंडळात प्रसिद्धी अधिकारी झाले. त्यांच्या विभागात अणुवीज केंद्रं होती. अमेरिकेतला थ्री माइल आयलंडचा अणुअपघात नुकताच झालेला. आपण नोकरी बदलायला मुहूर्त बरा निवडला, असा विनोद ते स्वतःवर करत. १९८७ मध्ये नोकरी सोडून ते पूर्णवेळ लेखक झाले, तेव्हा त्यांच्या गाठीशी न्यायालयं, स्थानिक कौन्सिलच्या बैठका, अपघात आणि सरकारी खुलासे यांची वीसेक वर्षं जमा होती. दुर्घटना घडल्यावर 'काळजीचं कारण नाही' हे वाक्य कसं तयार होतं, हे त्यांनी आतून पाहिलं होतं.

पेठा आणि वस्त्या

नावाप्रमाणेच ही जुळी शहरं. नदीच्या एका काठाला अँख. तिथे खानदानी हवेल्या, रुंद रस्ते, स्कून अव्हेन्यूसारखी उमरावांची वस्ती. दुसऱ्या काठाला मॉर्पोर्क. तिथे गुदामं, कत्तलखाने, चाळीसारखी दाटीवाटीची घरं आणि 'द शेड्स' ही सर्वांत जुनी वस्ती, जिथे अंधार पडल्यावर पाऊल टाकणाऱ्याने घरच्यांचा निरोप घेऊन निघावं. दोन्ही काठांना जोडणारा ब्रास ब्रिज. देवळांची वेगळी पेठ, कारागिरांची गल्ली. आणि 'अनसीन युनिव्हर्सिटी' हे जादूगारांचं विद्यापीठ. जादूगार दिवसातून अनेकदा जेवतात आणि शक्यतो जादू करत नाहीत. ग्रंथपाल ओरांगउटान आहे. एका अपघातात त्याचं रूपांतर झालं, पण वरच्या फळीवरची पुस्तकं काढायला लांब हात सोयीचे पडतात, म्हणून त्याने माणूस व्हायला साफ नकार दिला.

या शहराला कुठल्या एका खऱ्या शहराचा साचा नाही. टॅलिन आणि मध्य प्राग यांच्याशी त्याचं साम्य आहे, शिवाय अठराव्या शतकातलं लंडन, एकोणिसाव्या शतकातलं सिएटल आणि आजचं न्यूयॉर्क यांचे अंश त्यात आहेत, असं प्रॅचेटनीच सांगून ठेवलंय. यादीत सिएटल बघून दचकायला होतं, पण कारण पक्कं आहे. १८८९ च्या आगीत त्या शहराचा व्यापारी भाग बेचिराख झाला. पुन्हा बांधताना रस्ते एक मजला उंच उचलले गेले. जुने तळमजले तळघरं झाले आणि फुटपाथ भुयारं. अँख-मॉर्पोर्कही असंच अँख-मॉर्पोर्कवर बांधलेलं आहे. पूर आला, गाळ साचला, लोकांनी वर मजले चढवले. खालच्या पोकळीत मग चोरवाटा फुटतात, गुप्त मंडळ्या जमतात, आणि 'थड!' (२००५) या कादंबरीत खाणकाम करणारे बुटके तिथे भलतंच काही उकरत बसतात.

शहराचा घाण वास हा प्रॅचेटच्या विनोदाचा आवडता विषय, पण त्यांना त्या घाणीचं अर्थशास्त्रही ठाऊक होतं. हेन्री मेह्यू या पत्रकाराने लंडनच्या गोरगरिबांच्या मुलाखती घेऊन त्यांच्या धंद्यांची तपशीलवार नोंद केली. १८५१ मध्ये ग्रंथरूपाने आलेलं हे काम प्रॅचेटच्या फार जवळचं होतं. 'डॉजर' ही लंडनवरची कादंबरी त्यांनी मेह्यूलाच अर्पण केली. कातडी कमावण्यासाठी कुत्र्यांची विष्ठा गोळा करून विकणारे लोक मेह्यूला भेटले होते. अँख-मॉर्पोर्कमध्ये हाच धंदा हॅरी किंग करतो. लोकांना जे नको असतं ते तो उचलतो. नेण्याचे पैसे एकाकडून घेतो आणि विकण्याचे दुसऱ्याकडून. शहरातल्या गब्बर माणसांत त्याची गणना होते. फक्त त्याला घरी जेवायला कुणी बोलवत नाही.

पावतीचं राज्य

शहरात राजा नाही. शेवटच्या राजाचं मुंडकं उडवून बरीच वर्षं लोटली. पॅट्रिशियन या पदावरचा माणूस राज्य करतो. आधीचे पॅट्रिशियन क्रूर होते किंवा वेडे, किंवा दोन्ही. सध्याचे लॉर्ड हॅव्हलॉक व्हेटिनारी क्रूर नाहीत आणि वेडे तर मुळीच नाहीत. ते फक्त हुकूमशहा आहेत. शहरात मतदानाचा हक्क एकाच माणसाला आहे आणि तो माणूस म्हणजे ते स्वतः. दरबारात सोन्याचं सिंहासन आहे, पण व्हेटिनारी त्याच्या पायऱ्यांशी साध्या लाकडी खुर्चीत बसतात. सिंहासनाला वरून सोन्याचा पत्रा असला तरी आतलं लाकूड पार कुजलंय. बसणारा सरळ खाली यायचा. 'गार्ड्‌स! गार्ड्‌स!' (१९८९) मध्ये त्यांना त्यांच्याच तळघरातल्या कोठडीत डांबलं जातं, तेव्हा कळतं की त्या कोठडीच्या कड्या आतून आहेत. सत्ता आज ना उद्या जाणार, हे धरूनच त्यांनी ती सोय करून ठेवलेली असते.

कारभार चालतो तो गिल्ड्‌समार्फत, म्हणजे धंदेवाईक संघांमार्फत. व्यापारी, सराफ, विदूषक, भिकारी, मारेकरी, चोर अशा सगळ्यांचे संघ. भिकाऱ्यांच्या संघाला लग्नघरातून पैसे पोचतात ते लग्नाला न येण्याबद्दल. मारेकऱ्यांच्या संघाची उत्तम शाळा आहे. बड्या घरची मुलं तिथे शिकतात, व्हेटिनारीही तिथलेच विद्यार्थी. करार असल्याशिवाय ते कुणाला मारत नाहीत आणि मारलं की पावती ठेवतात.

चोरांच्या संघाची गोष्ट मात्र मुळातून वाचावी. सत्तेवर आल्यावर व्हेटिनारींनी टोळ्यांच्या म्होरक्यांना बोलावून सांगितलं: गुन्हे पूर्ण थांबणार नाहीत हे आपण धरून चालू. वर्षाला किती चोऱ्या व्हाव्यात ते ठरवू आणि त्यापलीकडे एकही होणार नाही हे तुम्ही बघा. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्याच म्हणायच्या! म्होरके खूश झाले. कचेऱ्या थाटल्या, बंगले बांधले, बागा फुलवल्या, मुलांना चांगल्या शाळांत घातलं. मग एक दिवस पॅट्रिशियननी त्यांना पुन्हा बोलावून गोड आवाजात जाणीव करून दिली की तुम्ही कोण, राहता कुठे, मुलं कुठल्या शाळेत जातात, हे आता मला ठाऊक आहे. तेव्हापासून परवाना नसलेल्या चोरांना चोरच पकडतात आणि त्यांची जी गत करतात ती कायद्याने कधीच केली नसती. नागरिकाने वर्षाचा हप्ता भरला की त्याच्या वाटेला कुणी जात नाही. चोरी झालीच, तर रीतसर पावती मिळते.

यातला किती भाग कल्पित? लंडनमध्ये जोनाथन वाइल्ड नावाचा गृहस्थ चोर पकडून देणारा म्हणून प्रतिष्ठा मिरवत होता. चोरांची टोळीही तोच चालवायचा, चोरीचा माल मालकांना बक्षिसी घेऊन परत करायचा आणि न ऐकणाऱ्या चोरांना फासावर पाठवायचा. कुंपणच शेत खात होतं. १७२५ मध्ये तो स्वतःच फासावर गेला. आणि संघांचं म्हणाल तर लंडनच्या मूळ 'सिटी'चा लॉर्ड मेयर आजही जुन्या धंदेवाईक संघांचे सभासद निवडतात. प्रॅचेटनी हा इतिहास नुसता ओळीत मांडला आणि चेहरा सरळ ठेवला.

पावतीचा प्रताप 'फीट ऑफ क्ले' (१९९६) मध्ये एका वेगळ्याच उंचीवर जातो. मातीचे पुतळे, गोलेम, शहरात गुलामासारखे राबतात. त्यांच्या डोक्यात मंत्राक्षरांचा कागद असतो, तो सांगेल तसं ते वागतात. डॉर्फ्ल हा त्यांतलाच एक. कॅरट नावाचा तरुण शिपाई त्याला रोख पैसे मोजून विकत घेतो आणि खरेदीची पावती डॉर्फ्लच्याच डोक्यात ठेवतो. आता त्याचा मालक तोच. पुढे गोलेम मजुरी करून पैसे साठवतात आणि एकेक भाऊबंद विकत घेऊन मोकळा करतात. क्रांती नाही, उठाव नाही. ज्या बाजाराने बांधलं त्याच्याच कागदावर सुटका. हसता हसता वाचक गप्प होतो तो इथे.

मेणबत्तीचा तुकडा

शहर कळतं ते पायांना, असं मानणारा एक माणूस या कादंबऱ्यांत आहे. रात्रीच्या पहाऱ्याचा कप्तान सॅम्युएल व्हाइम्स. त्याच्या बुटांचे तळवे इतके झिजलेले असतात की खालच्या दगडांच्या स्पर्शावरून तो अंधारात गल्ली ओळखतो. 'मेन ॲट आर्म्स' (१९९३) मध्ये तो याच बुटांवरून हिशेब मांडतो. चांगले बूट पन्नास डॉलरला, ते वर्षानुवर्षं टिकतात. बेताचे दहा डॉलरला, ते एखाददोन मोसमांत जातात. पन्नास कधीच साठत नाहीत, म्हणून गरीब माणूस दहाचेच पुन्हा पुन्हा घेतो. शेवटी श्रीमंतापेक्षा जास्त खर्च करतो आणि वर पाय ओले ते ओलेच. २०२२ च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये महागाई भडकली, तेव्हा स्वस्तातल्या किराण्याची भाववाढ वेगळी मोजायला हवी म्हणून खाद्यलेखन करणाऱ्या जॅक मनरो यांनी जो निर्देशांक जाहीर केला, त्याला नाव दिलं 'व्हाइम्स बूट्स इंडेक्स'. प्रॅचेट कुटुंबाची त्याला संमती होती.

व्हाइम्स वाढला कॉकबिल स्ट्रीटवर. गलिच्छ वस्त्यांपेक्षा एकच पायरी वरची ही गल्ली. लोक निर्धन, पण उंबरठे घासलेले. उसनं मागायची लाज आणि भीक मागण्यापेक्षा उपास बरा, असा बाणा. 'फीट ऑफ क्ले' मध्ये व्हेटिनारींवर विषप्रयोग होत असतो आणि विष कुठून येतं हे कुणालाच उमगत नाही. अन्न तपासलं जातं, पाणी तपासलं जातं. विष असतं मेणबत्तीत, सोमल भरलेलं. पॅट्रिशियन रात्री उशिरापर्यंत काम करतात आणि तो धूर त्यांच्या पोटात जातो. पण सरकारी मेणबत्तीचे उरलेले तुकडे टाकायचे कोणी? वाड्यातली मोलकरीण ते घरी नेते, कॉकबिल स्ट्रीटवर. तिथे तिची म्हातारी आजी आणि तान्हा भाऊ मरतात. पॅट्रिशियन वाचतात. कट कुठल्या उमरावांनी कशासाठी केला हा प्रश्न व्हाइम्सला त्यानंतर दुय्यम वाटतो. त्याचा संताप त्या दोन मरणांसाठी आहे, ज्यांची कारस्थान्यांनी दखलही घेतलेली नाही. राजवाडा आणि गल्ली यांना जोडणारी वस्तू म्हणून लेखकाने मेणबत्तीचा तुकडा शोधला, यात त्यांचं बातमीदारपण दिसतं.

बाहेरून आलेले

अँख-मॉर्पोर्कवर अनेकदा आक्रमणं झाली. दर वेळी शहराने वेशी उघडल्या, आक्रमकांना माल विकला, आणि आठवडाभरात विजेत्यांच्या लक्षात आलं की आपण इथल्या आणखी एका जमातीचे झालो, स्वतःची खानावळ असलेले. शहराच्या गीतातही हाच तोरा आहे, की जिंकायची गरज काय, आम्ही तुम्हाला घाऊक भावात विकत घेतो. त्याचं दुसरं कडवं मुद्दाम पुटपुटण्यासारखं लिहिलंय, कारण राष्ट्रगीताचं दुसरं कडवं कुणाला कधी येत नाही.

पण एकत्र राहणं काही गीतांनी साधत नाही. ट्रोल आणि बुटके यांचं पिढीजात वैर गावाकडून शहरात येतं, व्हॅम्पायर आणि लांडगा-माणसं येतात. पहाऱ्यात त्यांना भरती करायचा आदेश निघतो तेव्हा व्हाइम्सलाही तो आवडत नाही. तरीही भरती होते आणि कादंबरीगणिक चौकी बदलत जाते. चिअरी ही पोलिसांच्या प्रयोगशाळेत काम करणारी बुटकी. त्या समाजात स्त्री-पुरुष सगळेच दाढी राखतात आणि स्त्रीने स्त्री म्हणून दिसणं अशिष्ट समजतात. ती घागरा घालून, कानांत डूल घालून कामावर येते. दाढी काढायचं मात्र तिच्या मनातही येत नाही. वर्तमानपत्राचा छायाचित्रकार ऑट्टो हा व्हॅम्पायर, रक्त सोडल्याची शपथ घेतलेला. फ्लॅशच्या झगझगाटाने दर वेळी त्याची राख होते, म्हणून तो रक्ताची कुपी सोबत बाळगतो. ती फुटून थेंब राखेवर पडला की पुन्हा उभा. नोकरीच्या पायी इतकं सोसणारे लोक कुठल्याही मोठ्या शहराला परके नाहीत.

टपाल, छापखाना, बँक

बहुतेक अद्भुत जगं काळात गोठलेली असतात. हजार वर्षं तलवारी त्याच. अँख-मॉर्पोर्क मात्र वयाने वाढतं. 'द ट्रुथ' (२०००) मध्ये वर्तमानपत्र निघतं. संपादकाचं आडनाव डि वर्ड, म्हणजे लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर छापखाना आणणाऱ्या विन्किन डि वर्डची आठवण. सत्तेचं मोठं कारस्थान तो उघडकीला आणत असतो आणि त्याच वेळी एक गृहस्थ विचित्र आकाराची भाजी घेऊन कचेरीत येतो, कारण ती छापायलाच हवी. 'गोइंग पोस्टल' (२००४) मध्ये फासावरून उतरवलेल्या ठगाला बंद पडलेलं टपाल खातं चालवायला दिलं जातं. न पोचलेल्या पत्रांनी इमारत छतापर्यंत भरलेली असते. त्याचा स्पर्धक म्हणजे 'क्लॅक्स', मनोऱ्यावरून मनोऱ्याकडे संदेश देणारी यंत्रणा. तिचा पूर्वज फ्रान्समध्ये १७९४ पासून पॅरिस ते लिल चालत होता. ठग टपाल तिकीट काढतो, लोक तिकिटांनाच नाणं समजून व्यवहार करू लागतात, आणि त्यातून पुढच्या कादंबरीची बँक उभी राहते. तिच्या तळघरात पाणी खेळवून शहराची अर्थव्यवस्था दाखवणारं काचेचं यंत्र आहे. हीसुद्धा थाप नव्हे. न्यूझीलंडच्या बिल फिलिप्सने १९४९ मध्ये असं यंत्र खरोखर बनवून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखवलं होतं. २०१३ च्या 'रेझिंग स्टीम' पर्यंत रेल्वे येते. जादू मागे पडत जाते आणि तिची जागा खाती घेतात.

आरंभी प्रॅचेटना डिस्कवर्ल्डचा नकाशा नको होता. विनोदाचा नकाशा काढता येत नाही, अशी त्यांची भूमिका. पण ॲबिंग्डनमधले हौशी रंगकर्मी स्टीफन ब्रिग्ज यांनी कादंबऱ्यांतून गल्लीबोळांचे उल्लेख वेचून ते एकमेकांना जुळवले आणि १९९३ मध्ये स्टीफन प्लेअर यांच्या चित्रांसह शहराचा नकाशा आला. सॉमरसेटमधल्या विंकॅन्टन या छोट्या गावाने २००२ मध्ये अँख-मॉर्पोर्कशी जुळ्या नगराचं नातं जाहीर केलं. २००९ मध्ये तिथल्या नव्या वसाहतीत 'पीच पाय स्ट्रीट' आणि 'ट्रीकल माइन रोड' अशा पाट्या लागल्या. कल्पित गल्लीच्या नावाने खऱ्या घरांत खरं टपाल येऊ लागलं.

गोम कुठे आहे

या सगळ्या कारभारात एक गोम आहे. शहर चालतं ते व्हेटिनारींमुळे. लोभ नाही, सूड नाही, झोप जवळपास नाही, असा हुकूमशहा फक्त कादंबरीतच मिळतो. कुणी म्हणेल, प्रॅचेटनी सज्जन एकाधिकारशाहीचे गोडवे गायलेत. आक्षेप बिनबुडाचा नाही. 'नाइट वॉच' (२००२) हे त्याला त्यांचंच अर्धं उत्तर. त्यात व्हाइम्स तीस वर्षं मागे जातो, खुनशी पॅट्रिशियनच्या काळात. लोक ट्रीकल माइन रोडवर अडथळे उभारून गणराज्य पुकारतात, माणसं मरतात, जुना जुलमी जातो आणि त्याच्या जागी नवा वेडा येतो. गादीवरचा माणूस बदलून भागत नाही, हे तिथे रक्ताने लिहिलंय.

उरलेलं उत्तर कॅरटच्या गोष्टीत सापडतं. डॉर्फ्लला पावती देणारा हा शिपाई बहुधा राजघराण्याचा वारस आहे. अंगावर खूण आहे, हातात जुनी तलवार आहे, लोक त्याच्या मागे येतात. दुसऱ्या कुठल्याही कादंबरीत त्याचा राज्याभिषेक झाला असता. हा 'मेन ॲट आर्म्स'च्या शेवटी पॅट्रिशियनसमोर सुधारणांची यादी घेऊन उभा राहतो. पहारा वाढवा, चौक्या उघडा. त्याआधी 'गार्ड्‌स! गार्ड्‌स!'मध्ये ड्रॅगनपासून शहर वाचवल्याबद्दल काय बक्षीस हवं असं विचारल्यावर याच पहारेकऱ्यांनी मागितलं होतं: महिना पाच डॉलर वाढ, एक नवी किटली आणि जमलं तर डार्टबोर्ड.

त्या किरकोळ मागण्यांपासून सुरू झालेला पहारा 'जिंगो' (१९९७) मध्ये खुद्द व्हेटिनारींना अटक करतो. 'द ट्रुथ'मध्ये त्यांच्यावर किटाळ येतं, तेव्हा खरं काय ते वर्तमानपत्र शोधून काढतं. म्हणजे शहरात आता अशी दोन खाती आहेत जी पॅट्रिशियनच्या मर्जीवर चालत नाहीत. ती त्यांनीच वाढू दिली, बहुधा जाणूनबुजून. व्हेटिनारींनंतर ती टिकतील का, हे मात्र कादंबऱ्यांत आलेलं नाही. प्रॅचेट १२ मार्च २०१५ रोजी अल्झायमरच्या आजारात गेले. त्यांच्या इच्छेनुसार अपुऱ्या लिखाणाची हार्ड डिस्क २०१७ मध्ये वाफेच्या रोडरोलरखाली चिरडली गेली. यापुढे डिस्कवर्ल्डची कादंबरी येणार नाही, असं त्यांच्या लेखिका कन्येने, रिआनाने, स्पष्ट केलंय. वारस ठरवायचं काम लेखकाने कुणावरच सोपवलं नाही. वाचकाच्या हाती आहे तो पहारा, छापखाना, टपाल आणि बँक. यांच्या बळावर शहर चांगल्या माणसाशिवाय चालेल की नाही, हा प्रश्न अँख-मॉर्पोर्कपुरता उरत नाही.